सोरायसिस आणि पथ्य : आयुर्वेद नेमकं काय सांगतो आणि नागपूरच्या ताटात काय ठेवायचं?

नागपुरात दिवाळीनंतर थंडी पडली की हवा कोरडी होते आणि सोरायसिस असलेल्यांचे कोपरे, गुडघे, डोकं पुन्हा खवलायला लागतं. मग व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश फिरू लागतात. "दूध बंद करा, मीठ बंद करा, ४० दिवसांत सोरायसिस मुळापासून जाईल." कुणी आंबट बंद करायला सांगतं, कुणी गहू, कुणी थेट सगळी औषधं.

यातल्या बऱ्याच सल्ल्यांवर 'आयुर्वेदिक पथ्य' असा शिक्का असतो. पण आयुर्वेदाच्या ग्रंथांत खरंच काय लिहिलंय? आजच्या संशोधनाशी त्याचा कुठे मेळ बसतो आणि कुठे बसत नाही? आणि तर्री पोहे, सावजी, वडाभात यांच्या शहरात हे पथ्य पाळायचं कसं? एकेक करून पाहू.

सोरायसिस म्हणजे काय?

आपली त्वचा सतत नवी होत असते. तळातली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती चुकीचा इशारा देते आणि हेच काम तीन ते सात दिवसांत होऊ लागतं. पेशी गळायच्या आत नव्या तयार होतात, थर साचतो, लाल चट्टा उठतो आणि त्यावर चंदेरी खवले धरतात.

हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एकच टॉवेल वापरल्याने, हात धरल्याने तो पसरत नाही. भारतातल्या वेगवेगळ्या पाहण्यांनुसार प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण ०.४४ ते २.८ टक्के आहे. अनुवंशाचा वाटा असतो. ताण, घशाचा संसर्ग, दारू, धूम्रपान, त्वचेला झालेली इजा आणि काही औषधं यांमुळे तो उफाळतो. ३० टक्क्यांपर्यंत रुग्णांना पुढे सांध्यांचा त्रास होऊ शकतो.

सोरायसिस कायमचा बरा करणारा उपचार आज कोणत्याच पॅथीकडे नाही. मात्र तो नीट आटोक्यात ठेवता येतो. अनेकांची त्वचा महिनोन्‌महिने स्वच्छ राहते. त्यामुळे पथ्याकडून 'मुळापासून जाईल' अशी अपेक्षा ठेवण्यापेक्षा 'उफाळा कमी येईल का, औषध कमी लागेल का' हे विचारणं योग्य.

'कुष्ठ' या शब्दाचा घोळ

आयुर्वेदिक वैद्यांच्या केसपेपरवर कधी 'एककुष्ठ' किंवा 'किटिभ कुष्ठ' असं लिहिलेलं दिसतं आणि घरचे हादरतात. विदर्भात तर जास्तच. वर्ध्याजवळचं दत्तपूर (१९३६, मनोहर दिवाण), वरोऱ्याजवळचं आनंदवन (१९४९, बाबा आमटे), अमरावतीचं तपोवन, ही कुष्ठसेवेची मोठी कामं याच मातीत उभी राहिली. त्यामुळे इथे 'कुष्ठ' म्हटलं की महारोगच डोळ्यांसमोर येतो.

आयुर्वेदात मात्र 'कुष्ठ' हे त्वचाविकारांच्या मोठ्या गटाचं नाव आहे. चरकसंहितेत त्याचे १८ प्रकार आहेत : सात महाकुष्ठं आणि अकरा क्षुद्रकुष्ठं. नायटा (दद्रू), खरूज (पामा), इसबासारखी विचर्चिका, तळहात-तळपायांच्या भेगा (विपादिका) हे सगळं त्यात येतं. एककुष्ठाचं वर्णन 'घाम न येणारं, मोठी जागा व्यापणारं, माशाच्या खवल्यांसारखं' असं आहे. म्हणूनच आजचे बहुतेक वैद्य सोरायसिसची तुलना एककुष्ठाशी किंवा किटिभाशी करतात. ही तुलना लक्षणांवरून केलेली आहे. जुनं नाव आणि नवं नाव तंतोतंत एकच आहे असं समजू नये.

पण यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. चट्टा नेमका कशाचा आहे हे आधी ठरायला हवं. पूर्व विदर्भात कुष्ठरोगाचे रुग्ण आजही आढळतात. चट्ट्यावर स्पर्श कळत नसेल, बधिरपणा असेल तर लगेच तपासणी करा. त्यावरची बहुविध औषधोपचार पद्धती सरकारी दवाखान्यात मोफत मिळते आणि प्रकारानुसार सहा किंवा बारा महिन्यांत रोग पूर्ण बरा होतो. चट्टा नायट्याचा असेल तर त्याला बुरशीवरचंच औषध लागतं. या दोन्ही आजारांत पथ्यावर विसंबून घालवलेले महिने महागात पडतात.

चरक पथ्याबद्दल काय सांगतात?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातला सातवा अध्याय कुष्ठचिकित्सेचा आहे. त्यातली आहाराची यादी आश्चर्य वाटावं इतकी छोटी आहे.

काय खावं :
• पचायला हलकं अन्न
• कडू चवीच्या भाज्या
• जुनं धान्य (साधारण वर्षभर ठेवलेलं)
• मूग, पटोल (कडू पडवळ किंवा परवल) यांच्यासह
• त्रिफळा, कडुनिंब यांसारख्या द्रव्यांनी सिद्ध केलेलं अन्न आणि तूप
• मांस खाणाऱ्यांसाठी कोरड्या प्रदेशातल्या प्राण्यांचं मांस

काय टाळावं :
• जड अन्न
• आंबट पदार्थ
• दूध आणि दही
• पाणथळ प्रदेशातल्या प्राण्यांचं मांस आणि मासे
• गूळ आणि तीळ

या यादीत तिखट नाही, हे लक्षात घ्या. सावजीचा रस्सा बंद करायला सांगितला जातो तो बहुधा त्याच्या तेलामुळे, जडपणामुळे किंवा रुग्णात पित्ताची लक्षणं दिसल्यामुळे. गव्हावर सरसकट बंदीही या यादीत नाही. आज 'आयुर्वेदिक' म्हणून फिरणाऱ्या अनेक याद्यांत नंतर भर पडत गेली आहे.

आजाराच्या कारणांमध्ये चरक खाण्याच्या सवयींवर जास्त भर देतात : आधीचं पचायच्या आत पुन्हा खाणं, भरपेट जेवून लगेच उन्हात जाणं किंवा व्यायाम करणं, उन्हातून आल्याआल्या थंड पाणी, वांतीचा वेग दाबणं, दिवसा झोपणं आणि विरुद्ध आहार.

विरुद्ध आहाराची भीती किती बाळगायची?

दूध आणि मासे, दूध आणि आंबट फळं, अशा जोड्यांना आयुर्वेद 'विरुद्ध' म्हणतो. चरकांच्या सूत्रस्थानात (अध्याय २६) विरुद्ध आहाराने होणाऱ्या आजारांत कुष्ठाचं नाव आहे. इथूनच 'मासे खाऊन दूध प्यायलं की कोड येतं' ही समजूत घट्ट झाली. आधुनिक संशोधनात या समजुतीला पुरावा नाही. कोड हा रंगपेशींवर प्रतिकारशक्तीने केलेल्या हल्ल्यातून होतो.

पण त्याच अध्यायात पुढे काय लिहिलंय ते कुणी फॉरवर्ड करत नाही. ज्याला सवय आहे, ज्याने थोडंच खाल्लं आहे, ज्याचा अग्नी चांगला आहे, जो तरुण आहे, व्यायाम करणारा आणि बळकट आहे, त्याला विरुद्ध आहार बाधत नाही, असं ग्रंथच सांगतो. म्हणजे एकदा खाल्लेल्या फ्रूट सॅलडमुळे आजार झाला, असा अपराधभाव रुग्णाच्या किंवा त्याच्या आईच्या माथी मारायला ग्रंथाचाही आधार नाही.

आजचं संशोधन कुठे जुळतं?

सगळ्यात भक्कम पुरावा आहे तो वजनाचा. सोरायसिस आणि लठ्ठपणा, मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेऊन आहाराच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यातली ठाम शिफारस अशी : वजन जास्त असलेल्या रुग्णांनी उष्मांक कमी करून वजन घटवावं, मात्र औषधोपचार सुरू ठेवून. ग्लुटेन बंद करण्याचा सल्ला त्यांनी सगळ्यांना दिला नाही. रक्ततपासणीत ग्लुटेनबद्दलची संवेदनशीलता दिसली तरच तो दिला.

म्हणजे 'लघु अन्न घ्या, जेवणावर जेवण नको, दुपारी झोपू नका' हा जुना सल्ला आणि 'वजन उतरवा' हा नवा सल्ला एकाच दिशेने जातात. दारू आणि तंबाखू सोडण्याबद्दल तर दोन्हीकडे दुमत नाही.

जुळत नाही ते दुधाबद्दल. सर्व सोरायसिस रुग्णांनी दूध-दही सोडावं, असं सांगणारा भक्कम पुरावा नाही. पंधरा दिवस सोडून पाहायला मोठ्या माणसाला हरकत नाही. पण वाढत्या वयाची मुलं, गर्भवती, स्तनदा माता आणि हाडं ठिसूळ झालेल्या वृद्धांचं दूध परस्पर बंद करू नये. शाकाहारी घरात दूध आणि डाळी हाच प्रथिनांचा मोठा आधार असतो. दूध काढायचंच असेल तर त्या जागी नाचणी, डाळी, राजगिरा काय आणि किती येणार हे आधी ठरवावं.

मिठाबद्दलही तेच. जास्त मीठ वाईटच, पण 'बिनमिठाचं ४० दिवस' हे नागपूरच्या उन्हाळ्यात धोक्याचं आहे. पारा ४५ अंशांपुढे जातो, घाम येतो आणि शरीरातलं मीठ कमी होतं. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर असा प्रयोग करूच नये.

नागपूरच्या ताटाचं काय?

पथ्य मोडतं ते बहुतेकदा ते आपल्या ताटाबाहेरचं असल्यामुळे. विदर्भातल्या रोजच्या जेवणात चरकांच्या यादीत बसणारं बरंच काही आधीच आहे.

नाश्ता : तर्री पोह्यांची प्लेट रोज नको. आयुर्वेदात पोहे जड मानले आहेत आणि वरच्या तर्रीचं तेल वजनात भर घालतं. त्याऐवजी मुगाचं धिरडं, ज्वारीची उकडपेंडी, मुगाची उसळ. आठवड्यातून एकदा पोहे खायचेच असतील तर तर्री कमी, चणे जास्त.

दुपारचं जेवण : ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, जुन्या तांदळाचा थोडा भात, आणि कारलं, पडवळ, दोडकं, मेथी यांपैकी एक भाजी. कारल्यातला सगळा कडूपणा मीठ लावून पिळून टाकला आणि गूळ-चिंच घातली तर पथ्याच्या दृष्टीने हाती काहीच उरत नाही.

पावसाळ्यातला तरोटा : पश्चिम महाराष्ट्रात ज्याला टाकळा म्हणतात तो आपल्याकडचा तरोटा. संस्कृतात त्याची नावं चक्रमर्द आणि दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा. पहिल्या पावसानंतरची कोवळी पानं भाजी म्हणून आवर्जून खावीत. भाजी म्हणून ती उत्तम आहे. ती खाल्ल्याने नायटा किंवा सोरायसिस जातो, असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

जवस : जवसाच्या चटणीत ओमेगा-३ गटातली मेदाम्लं असतात. रोज एक-दोन चमचे चटणी हा चांगला आहार आहे. तेही सोरायसिसवरचं औषध नाही.

संत्रं : आयुर्वेद आंबट टाळायला सांगतो, त्यामुळे काही वैद्य संत्रं बंद करतात. आधुनिक संशोधनात संत्र्याने सोरायसिस वाढतो असा पुरावा नाही. पिकलेलं गोड संत्रं नुसतं खाणं आणि ते दुधा-मलईत घालून खाणं यात आयुर्वेदही फरक करतो. तुम्हाला संत्र्याने खाज वाढल्याचं वारंवार जाणवत नसेल, तर आपल्याच गावचं फळ सोडायचं कारण नाही.

संक्रांतीचा तिळगूळ : तीळ आणि गूळ, दोन्ही चरकांच्या टाळायच्या यादीत, आणि सण नेमका कडाक्याच्या थंडीत, आजार उफाळण्याच्या दिवसांत. एका लाडवाने काही बिघडत नाही. डबा संपवणं टाळा.

सावजी : मटण-चिकनचा रस्सा सणावारी, थोडा, तवंग काढून. आणि त्यासोबतची दारू नको. जेवणापेक्षा ती सोबतच जास्त नुकसान करते.

रात्रीचं जेवण : लवकर आणि हलकं. मुगाची खिचडी, भाजीचं सूप, भाकरी आणि भाजी. वडाभात, पाटोडी रस्सा हे कधीतरी दुपारी.

पथ्य लागू पडतंय हे कसं कळणार?

सोरायसिस आपोआप कमी-जास्त होतो. इथेच फसगत होते. माणूस पथ्य सुरू करतो ते डिसेंबर-जानेवारीत, त्रास शिगेला पोचल्यावर. दोन महिन्यांनी होळी येते, ऊन वाढतं, आणि बऱ्याच रुग्णांना उन्हाने बरं वाटतं. श्रेय मिळतं पथ्याला. पुढच्या थंडीत चट्टे परत आले की दोष मिळतो रुग्णाला : "तूच पथ्य मोडलं असशील."

हे टाळायला साधी वही ठेवा :
• एका वेळी एकच बदल करा. दूध, गहू, आंबट, सगळं एकदम बंद केलं तर कशाचा उपयोग झाला ते कळणार नाही.
• प्रत्येक बदलाला सहा ते आठ आठवडे द्या.
• दर पंधरा दिवसांनी त्याच चट्ट्याचा, त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून फोटो काढा.
• वजन, झोप, ताण, दारू, घशाचं दुखणं आणि लावलेलं मलम यांची नोंद ठेवा.
• फरक दिसला नाही तर तो पदार्थ पुन्हा खायला लागा. उपयोग नसलेलं पथ्य वर्षानुवर्षं ओढू नका.

ही वही वैद्यांनाही दाखवा आणि त्वचारोगतज्ज्ञांनाही.

कुठे सावध राहायचं?

बिब्बा : चरकांच्या यादीत भल्लातक आहे. तो म्हणजे आपला बिब्बा. त्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, आणि सोरायसिसमध्ये इजा झालेल्या जागी नवा चट्टा उठू शकतो. कायद्यानेही बिब्बा वैद्यकीय देखरेखीखाली वापरायच्या विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. यूट्यूब पाहून तो खाऊ नका, लावू नका.

बावची : कोड आणि सोरायसिससाठी ती दिली जाते. तिच्यातल्या सोरालेनमुळे त्वचा उन्हाला फार संवेदनशील होते. बावची लावून एप्रिल-मेच्या दुपारी बाहेर पडलं तर भाजल्यासारखे फोड येऊ शकतात. पोटात घेतल्यास यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

गुळवेल : मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांमध्ये यकृताची इजा नोंदवली. मेथोट्रेक्सेटसारखं औषध चालू असेल तर दोन्हींचा भार यकृतावरच पडतो. काढा सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांना सांगा आणि यकृताची तपासणी करून घ्या.

बिनलेबलची पुडी : २००८ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या १९३ आयुर्वेदिक उत्पादनांपैकी सुमारे पाचव्या भागात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. उत्पादन परवाना, घटक आणि मुदत छापलेली नसेल ते औषध घेऊ नका. चार दिवसांत चट्टे गायब करणाऱ्या 'हर्बल' मलमात स्टेरॉइड असण्याची शंका जरूर घ्यावी.

औषध अचानक बंद करणं : हा सगळ्यात मोठा धोका. पोटातल्या किंवा जोरदार लावायच्या स्टेरॉइडचा वापर एकदम थांबवला तर सोरायसिस अंगभर भडकू शकतो, पू भरलेले फोड येऊ शकतात आणि रुग्णाला भरती करावं लागतं. 'पथ्य सुरू करायचं तर आधी ॲलोपॅथी सोडा' असं कुणी म्हणालं, तर तो सल्ला मानू नका.

जाहिराती : कोड मुळापासून घालवण्याची हमी देणारी जाहिरात करायला औषधे आणि जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ नुसार बंदी आहे. हा कायदा सोशल मीडियाच्या कितीतरी आधीचा आहे, हेच तंत्र किती जुनं आहे ते त्यावरून कळतं.

नागपुरात दाखवायचं कुठे?

आधी निदान. मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधलं एम्स इथे त्वचारोगाचे उपचार मिळतात. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे तर सक्करदऱ्याचं शासकीय आयुर्वेद महाविद्यालय किंवा हनुमाननगरातलं श्री आयुर्वेद महाविद्यालय यांसारख्या, नोंदणीकृत वैद्य असलेल्या रुग्णालयात जा. वमन, विरेचन, रक्तमोक्षण या पंचकर्मातल्या क्रिया घरी किंवा पार्लरमध्ये करायच्या नाहीत.

दोन्हीकडे एकच फाईल घेऊन जा. कोणती गोळी, कोणता काढा, कोणतं मलम, सगळं दोघांनाही माहीत हवं.

लगेच रुग्णालयात कधी जायचं? अंगाचा बहुतेक भाग लाल होऊन सोलवटू लागला, थंडी वाजून ताप आला, पू भरलेले बारीक फोड आले, किंवा लघवी पिवळी होऊन डोळे पिवळे दिसू लागले तर त्याच दिवशी. सकाळी बोटं आखडत असतील, टाच किंवा सांधे दुखत-सुजत असतील तर ते वयाचं किंवा वाताचं म्हणून सोडून देऊ नका. सांध्यांची झीज एकदा झाली की भरून येत नाही, वेळेवर औषध मिळालं तर ती थांबवता येते.

थोडक्यात

हलकं खा, वेळेवर खा, कडू भाज्या आणि मूग यांना ताटात जागा द्या, वजन उतरवा, दारू-तंबाखू सोडा. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावा, कारण कोरडी त्वचा ताटातल्या कुठल्याच पदार्थाने ओली होत नाही. इतकं पथ्य कुणालाही पाळता येतं आणि त्यात धोका नाही. त्यापुढचं प्रत्येक 'बंद करा' तपासून घ्या : कुणी सांगितलं, कशासाठी, किती दिवस, आणि त्या बदल्यात काय खायचं. या चार प्रश्नांची उत्तरं नसतील तर तो संदेश पुढे पाठवू नका.

आणि घरात कुणाला सोरायसिस असेल तर त्याचं ताट वेगळं मांडू नका. मुगाचं वरण, भाकरी आणि दोडक्याची भाजी सगळ्यांनाच मानवते. सगळ्या घराने तेच खाल्लं तर पथ्य टिकतं.